गिरगाव ते चर्चगेट: गायिकांची सुरुवात झाली त्या जागा पायी बघायच्या आहेत

सूरवाट
नमस्कार मंडळी. बारा जणांना घेऊन रविवारी सकाळी तीन तासांची फेरी काढायची आहे. यादी अशी: ऑपेरा हाउस, सुलोचना चव्हाण ज्या तमाशा थिएटरातून पुढे आल्या ते थिएटर, गोव्याची कोंकणी गायिका लोर्ना गायची तो नाइट क्लब आणि उषा उथुप यांची सुरुवात झाली ते ‘टॉक ऑफ द टाउन’ रेस्टॉरंट. क्रम कसा लावावा? आत कुठे सोडतात?

फणसवाडी_नाका
यादीतली दुसरी नोंद आधी दुरुस्त करा. सुलोचनाबाई तमाशाच्या बोर्डावरून आलेल्या नाहीत. फणसवाडीत जन्म (1933), माहेरचं नाव कदम, आणि सुरुवात श्रीकृष्ण बालमेळ्यातून. तिथून पार्श्वगायन आणि मग लावणी. बाई बैठकीत डोक्यावरून पदर घेऊन गायच्या, नाचत नसत. अत्र्यांनी ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटल्यामुळे लोक त्यांना सरळ फडात नेऊन बसवतात. घोटाळा तिथेच होतो.

मेळ्याला इमारत नसते, तेव्हा पाटी शोधत बसू नका. गणेशोत्सवात वाडीतली मुलंमुली, एक पेटी, एक तबला, लोकांच्या तोंडी असलेल्या चालींवर बांधलेली पदं, मधे संवाद. एका मंडळाचा कार्यक्रम उरकून पुढच्या मंडळाकडे. रंगमंच म्हणजे चाळीचा चौक, त्यामुळे दाखवायचा तोच. त्यासाठी खाडिलकर रोडवरची केशवजी नाईक चाळ उत्तम, मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती 1893 साली तिथेच बसला. चौकात उभं राहिलं की तिन्ही बाजूंचे कठडे दिसतात. प्रेक्षक तिथेच उभे राहायचे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

क्रम: चर्नी रोडला पूर्वेकडे उतरा, आधी ऑपेरा हाउस, मग केळेवाडीतलं साहित्य संघ मंदिर, जगन्नाथ शंकरशेठ रस्त्याने खाडिलकर रोड, ठाकूरद्वार, फणसवाडी, धोबीतलाव. ऑपेरा हाउस 2016 पासून पुन्हा सुरू आहे, पण कार्यक्रम नसताना आत जाता येईल हे धरून चालू नका, दर्शनी भाग बाहेरून नीट दिसतो. चाळीत कॅमेरा काढण्याआधी विचारा. लोकांची घरं आहेत ती, आणि रविवारी सगळे घरी असतात. बारापेक्षा जास्त माणसं घेऊ नका, फुटपाथवर एका आवाजात तेवढ्यांनाच ऐकू जातं.

जेर_महाल
पुढचा टप्पा धोबीतलावपासून. जेर महाल या इमारतीतले गोवेकरांचे कूड, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेल्या राहण्याच्या खोल्या, वगळू नका. गावावरून आलेला वादक आधी कुडात उतरायचा. तिथून रात्री हॉटेलातला बँड आणि दिवसा सिनेमाचं रेकॉर्डिंग. ताजमध्ये वाजवणारा गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आणि सी. रामचंद्र यांचं ‘अलबेला’ (1951) हे याच वाटेवरचं उदाहरण. समोरच्या अंगाला रंगभवन आहे. ‘जाझ यात्रा’ हा जाझ संगीताचा महोत्सव 1978 साली तिथे सुरू झाला. आसपास रुग्णालयं असल्याने शांतता क्षेत्राच्या नियमात ते उघडं नाट्यगृह अडकलं आणि गप्प झालं. फार वाईट झालं ते.

लोर्नासाठी अस्टोरिया हॉटेल. तिथल्या ‘व्हेनिस’मध्ये ती गोव्याचे संगीतकार ख्रिस पेरी यांच्या बँडबरोबर गायची. सगळे तिला चर्चगेट स्ट्रीटवर, म्हणजे आताच्या वीर नरिमन रोडवर शोधतात आणि परत येतात. अस्टोरिया जमशेदजी टाटा रोडवर आहे, इरॉस सिनेमाच्या बाजूला. वीर नरिमन रोडवर गेलॉर्ड रेस्टॉरंट आणि अॅम्बॅसडर हॉटेल लागतात, सरळ गेलं की मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावर सूना महाल ही इमारत. ‘टॉक ऑफ द टाउन’ त्याच्या तळमजल्यावर होतं, आज तिथे पिझ्झाचं हॉटेल आहे.

पण उषा उथुप यांची सुरुवात तिथली नव्हे. जन्म मुंबईचा (1947), पहिला क्लब चेन्नईचा: माउंट रोडवरच्या सफायर थिएटरच्या आवारातला ‘नाइन जेम्स’, 1969. साडी नेसूनच गायल्या. पुढे कोलकात्यात पार्क स्ट्रीटवरचं ‘ट्रिंकाज’. सूना महालसमोर ‘इथे सुरुवात झाली’ म्हणू नका, ‘इथेही गायल्या’ म्हणा.

ढोलकी_लालबाग
तमाशा थिएटर दाखवायचंच असेल तर ती वेगळी फेरी ठेवा. लालबागचं हनुमान थिएटर गिरणगावातलं, प्रेक्षक गिरणी कामगार. ते आता उरलेलं नाही. चालत एका सकाळी दोन्ही होत नाही.

सूरवाट
खूप आभार, यादी बदलली. सुलोचनाबाईंची जुनी रेकॉर्ड सोबत ठेवायची आहे. नाव कसं ओळखायचं?

फणसवाडी_नाका
लग्नाआधीच्या रेकॉर्डवर ‘सुलोचना कदम’ शोधा. नुसतं ‘सुलोचना’ असलं तर घेऊ नका, त्या नावाच्या दोन नट्याही आहेत आणि विकणारे सर्रास सगळं एकत्र करतात. 78 आरपीएमची तबकडी पिशवीत नेऊ नका, लाखेची असते, एका धक्क्यात तडकते. लेबलचा फोटो काढून न्या, गाणं फोनवर ऐकवा, आणि ते फणसवाडीत नको, ठाकूरद्वारला ऐकवा. फणसवाडीच्या गल्लीत हातगाड्यांमुळे थांबायला जागा मिळत नाही.

जेर_महाल
अंतर साधारण चार किलोमीटर. साडेसातला निघा. पश्चिम रेल्वेचा मेगाब्लॉक आहे का ते शनिवारीच बघून ठेवा, नाहीतर निम्मे लोक मुंबई सेंट्रललाच अडकतील.