बोअरचं पाणी: घरी डिस्टिलर घ्यावं का? बजेट आठ हजार

मीनल_जालना
बोअरचं पाणी, मीटरवर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) १३५०. चहाच्या पातेल्याला पांढरा थर बसतो, डाळ शिजता शिजत नाही. सासऱ्यांना मुतखड्याचा त्रास आहे. टेबलावर ठेवायचं चार लिटरचं डिस्टिलर पाहिलंय, पाणी उकळून त्याची वाफ थंड करून गोळा करणारं. बजेट आठ हजार, त्यापुढे नाही. तिघांना फक्त प्यायला पाणी हवंय. डिस्टिल्ड पाणी रोज चालतं का? कुणी वापरलंय?

कोथरूडकर
सरळ चांगला आरओ घ्या. आम्ही एकवीस हजारांचा घेतला. यूव्ही, कॉपर, मिनरल कार्ट्रिज, सगळं आहे. पाहुणे पाणी पिऊन विचारतात कुठला म्हणून. तब्येतीत काटकसर नको.

आप्पा_६२
डिस्टिल्ड अजिबात पिऊ नका, हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. आमच्या गावी आडाचं पाणी पिऊन माणसं नव्वदी गाठायची.

लॅबवाली_स्नेहा
आप्पा, हाडांतून काही ओढलं जात नाही, पोटात गेल्यावर ते जेवणात आणि पाचकरसांत मिसळतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम मुख्यतः दूध, नाचणी, डाळी, पालेभाज्यांतून मिळतं. खाणंपिणं व्यवस्थित असेल तर निरोगी माणसाला हे पाणी चालतं. खाण्याची आबाळ असेल तर मात्र पाण्यातली खनिजं गेल्याचा फरक पडू शकतो. उन्हात घाम गाळताना सोबत ताक किंवा मीठ घातलेलं लिंबूपाणी घ्यावं, पण ते कुठल्याही पाण्याला लागू आहे.

गॅरेज_संभाजीनगर
एवढा खर्च कशाला? बॅटरीच्या पाण्याचा कॅन स्वस्तात मिळतो. तेही डिस्टिल्डच ना?

लॅबवाली_स्नेहा
ते प्यायचं नाही, कृपा करून! बरंचसं बॅटरीचं पाणी रेझिनमधून, म्हणजे क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांतून काढलेलं असतं. त्याने क्षार निघून जातात, जंतू जातीलच असं नाही. आणि तो कॅन खाण्यापिण्यासाठी भरलेलाच नसतो.

सुलभाकाकू
आरओच घ्या. पण आमच्याकडचा सर्व्हिसवाला दर खेपेला काहीतरी बदलून पैसे घेऊन जातो, विचारलं की म्हणतो मेंब्रेन गेला. वाया जाणारं पाणी मी लादी पुसायला वापरते.

आप्पा_६२
तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवा, सगळं शुद्ध होतं.

लॅबवाली_स्नेहा
तांब्याने जंतू कमी होतात, क्षार आहेत तिथेच राहतात.

प्रमोद_लातूर
माझ्याकडे डिस्टिलर आहे. ७५० वॉटचं, चार लिटरला चार तास आणि जवळजवळ तीन युनिट. मे महिन्यात स्वयंपाकघर तापतं. पाणी सपक लागतं. भांडं रिकामं केलं की तळाशी चमचाभर पिवळट चिखल उरतो आणि त्याला उग्र वास येतो. तो पाहिल्यावर बोअरचं पाणी तसंच प्यायची इच्छा होत नाही. नळीच्या तोंडाशी कोळशाची पुडी असते, ती बदलत राहा, कारण काही रसायनं वाफेबरोबरच पुढे येतात. पण विजेचं बिल बघता मी पुन्हा घेणार नाही.

लॅबवाली_स्नेहा
मीनलताई, आधी पाणी तपासा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी असते. मीटर एकूण क्षार दाखवतो, नायट्रेट वेगळं सांगत नाही. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे टीडीएस ५०० पर्यंत असावा, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. नायट्रेटला मात्र लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या पुढे सूट नाही. नुसतं उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. आणि मुतखड्याला पाणी कुठलं यापेक्षा किती पितात हे जास्त महत्त्वाचं. लघवी दिवसाला अडीच लिटर व्हावी इतकं प्यायला सांगतात, तरी डॉक्टरांना विचारा.

कोथरूडकर
आठ हजारांत काही येत नाही. बजेट वाढवा, आरओ घ्या.

मीनल_जालना
रिपोर्ट आला, नायट्रेट ७१. डिस्टिलरच घेतलं. आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर सोडतो आणि आमचं बोअर मार्चमध्ये आटतं. तेव्हा टँकरची बादली मोजून वापरावी लागते. वीज परवडेल, पाणी नाही. डॉक्टर म्हणाले चालेल, भरपूर पाजा. रात्री लावते, सकाळी माठात ओतते, सासरे तक्रार न करता पितात. प्रमोददादा, डिस्टिलरच्या तळाचा थर घासून निघत नाहीये, काय करू?

प्रमोद_लातूर
घासू नका, तळ खराब होईल. थर बुडेल एवढं पाणी, दोन चमचे लिंबूसत्व, एक उकळी आणि तासभर तसंच ठेवा. दर आठवड्याला केलंत तर साचणारच नाही.