शब्दचर्चा: क्लचच्या ‘फ्री प्ले’ला मराठीत काय म्हणायचं?

जीपवाला_सातारा
बाबांची जुनी महिंद्राची जीप आहे माझ्याकडे, सीजे ३बी. आम्ही दहा-बारा जण अशा गाड्या सांभाळून आहोत. त्यांच्यासाठी दुरुस्तीची एक छोटी मराठी पुस्तिका लिहितोय आणि क्लचच्या पानावर अडलोय.

क्लच पेडल थोडं खाली जाईपर्यंत पायाला काहीच लागत नाही, खरं काम त्यानंतर सुरू होतं. त्या मधल्या मोकळ्या भागाला मी ‘ढील’ म्हटलं. मथळा दिला ‘पेडलची ढील तपासणे’. गावातल्या एका पोराने कच्चा मसुदा वाचला, पेडल दाबून बघितलं, ढील सापडली, म्हणून नट आवळून सगळी काढून टाकली. पंधरा दिवसांत घाटात क्लच घसरायला लागला. इंजिन ओरडतंय, गाडी चढत नाही, केबिनभर जळका वास. पोराची चूक नाही, शब्द माझा चुकला. ढील म्हटलं की माणूस ती काढायलाच जाणार.

‘मुक्त हालचाल’ लिहून बघितलं, पण ते वाक्य गॅरेजात मोठ्याने वाचवेना. दुसरं काही सुचतंय का? ‘जॅम नट’लाही (मूळ नट हलू नये म्हणून त्याला भिडवून आवळतात तो दुसरा नट) शब्द हवाय.

शुद्धलेखन_नागपूर
‘मुक्त चाल’ करा. चाल हा आपला जुना शब्द आहे आणि बुद्धिबळापासून घोड्यापर्यंत सगळीकडे चालतो. मोठ्याने वाचायला अवघड वाटतं ते केवळ सवय नाही म्हणून. लिहीत राहिलं की सवय होते.

ग्रीसचे_हात
तीस वर्षं गॅरेज चालवतोय. आमच्याकडे ‘प्ले’ म्हणतात. ‘प्ले ठेव’, ‘प्ले कमी झालाय’, ‘स्टिअरिंगला प्ले आलाय’. पोरगं पहिल्या आठवड्यात शिकतं. मुक्त चाल म्हटलं तर तो गिअर न्यूट्रल करेल.

आडवी_नळी
ग्रीसदादा, घोटाळा तुमच्या याच तीन वाक्यांत आहे. स्टिअरिंगला प्ले *आला* म्हणजे दोष, क्लचला प्ले *ठेवला* म्हणजे काळजी. एकच शब्द रोगालाही आणि औषधालाही कसा चालेल?

माझ्याच गाडीचं सांगते. पेडल चांगलं दीड इंच मोकळं होतं, म्हणून मी निर्धास्त. तरी रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबलं की क्लच सोडवणारं बेअरिंग, किंचाळत गेलं. खाली झोपून बघितलं. या जीपला पेडलपासून एक रॉड जातो, मग चासी आणि बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) मधली आडवी नळी, दोन्ही टोकांना गोळीचे सांधे, आणि नळीच्या कानापासून बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कपर्यंत आखूड केबल. रॉडच्या पिनेचं भोक झिजून अंड्यासारखं झालं होतं आणि नळीची गोळीही खाल्ली होती. पायाला लागत होता तो दीड इंच सगळा त्या झिजेचा. फोर्क हाताने हलवून बघितला तर तिथे काहीच मोकळं नाही, बेअरिंग अहोरात्र क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या बोटांवर (तरफांवर) टेकलेलं.

म्हणून शब्द दोन हवेत. झिजून आलेली ती ‘ढील’, मुद्दाम ठेवलेला तो ‘वाव’. पुस्तिकेत हेही घाला: आधी पिना बदला, मग मापं घ्या, आणि माप पेडलशी नाही, फोर्कशी घ्या. बेअरिंग आणि बोटांच्या मध्ये जेमतेम दीड-दोन मिलिमीटर असतात, पेडलच्या लांबीमुळे ते पायाशी इंचभर वाटतात.

ग्रीसचे_हात
पिनांचं शंभर टक्के खरं बोललात ताई. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या जुन्या गाड्यांत नट फिरवून फिरवून आटे संपलेले असतात आणि पिन कुणी काढून बघितलेली नसते. पण ‘वाव’ कुणी म्हणणार नाही हो. ‘वाव’ पेपरात येतो.

शुद्धलेखन_नागपूर
कुणी म्हणत नाही म्हणून लिहायचं नाही, तर भाषेत नवीन काही येणारच नाही. ‘वंगण’ बघा. आज अभियांत्रिकीच्या मराठी पुस्तकातही वंगण आहे.

धाव_आणि_आरे
वंगणाचं उदाहरण उलट्या बाजूने बोलतंय साहेब. तो शब्द कुणी बसून घडवला नाही, तो बैलगाडीच्या आसाचा आहे. आमचे आजोबा चाकाच्या तुंब्यात वंगण घालायचे, नळकांड्यातून काडीने. तिथून तो गाडीला लागला आणि मग पुस्तकात गेला. आधी हात, मग पुस्तक. क्लचसाठीही हातात असलेला शब्दच शोधायला हवा.

शिवण_ठाणे
मला गाडीतलं काही कळत नाही, पण हे वाचताना एक शब्द सारखा मनात येतोय. माया. कापड बेतताना शिवणीच्या आत मुद्दाम जास्तीचं ठेवतो ती माया. ‘बाहीला माया ठेव’ म्हणतो. ती ढील नव्हे, आणि ती नसेल तर कपडा फुकट जातो.

आडवी_नळी
ताई, किती बरोबर बसतोय! आणि अजून एक जमतंय. क्लच प्लेट झिजत जाते तसा प्ले *कमी* होतो. ब्रेकच्या उलटं. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, बोटांची आतली टोकं मागे बेअरिंगकडे येतात, मधली जागा खाल्ली जाते. म्हणजे तो साठा वापरानेच संपतो आणि नट फिरवून पुन्हा द्यावा लागतो. माया खर्च होते, अगदी हेच.

ग्रीसचे_हात
शब्द गोड आहे, नाही म्हणत नाही. पण कपड्याची माया एकदा सोडली की संपली. इथे दर काही महिन्यांनी परत ठेवायची. आणि मी पोराला ‘क्लचला माया ठेव’ म्हटलं तर तो माझ्याकडे बघत राहील.

धाव_आणि_आरे
एकदा बघेल. दुसऱ्यांदा ठेवेल.

शुद्धलेखन_नागपूर
माया हा संस्कृत शब्द, अर्थ भ्रम किंवा ममता. शिंप्यांनी ममतेवरून घेतला असावा, कापडावर केलेली दया अशा अर्थाने. तांत्रिक पुस्तिकेत असा भावनेचा शब्द बसत नाही.

धाव_आणि_आरे
ममतेशी संबंध नसावा. माझ्या मते तो ‘मावणे’चा भाऊ आहे. आमच्याकडे म्हातारी माणसं ‘मायना’ म्हणायची, म्हणजे मावत नाही. ज्यात मावतं ती माया.

शुद्धलेखन_नागपूर
बोलीतल्या उच्चारावरून व्युत्पत्ती लावता येत नाही. ‘पाना’ शब्द पानाच्या आकारावरून आला असंही लोक सांगतात, तो सरळ स्पॅनरचा झालाय.

ग्रीसचे_हात
पान्याचं मला पटत नाही. माझे उस्ताद स्क्रू पान्याला पानाच म्हणायचे, स्पॅनरला चावी. मग स्पॅनरचा पाना कसा?

धाव_आणि_आरे
चावी पोर्तुगीज. बिजागरीही. त्यांनी आणलेले शब्द आपण केव्हाच घरात घेतले, आता ‘प्ले’लाच दारात का उभं करायचं?

जीपवाला_सातारा
मंडळी, पान शुक्रवारी छापायला जातंय. सध्या असं केलंय: मथळ्यात ‘क्लचचा प्ले (माया) ठेवणे’, आणि झिजलेल्या पिनांसाठी ‘ढील’. फोर्कशी माप घ्यायची ओळ ठळक टाकली, ती आडवी_नळी ताईंची. जॅम नटचं अजून कुणीच बोललं नाही.

शुद्धलेखन_नागपूर
कंस काढा. दोनपैकी एक ठरवा.

शिवण_ठाणे
ते मावणे की ममता मला नाही सांगता येणार. आई माझ्या झंपराला बगलेत दोन बोटं माया ठेवायची, पोरगी वाढती म्हणून. वर्षाने उसवून सोडली की तेवढी पट्टी नव्यासारखी गडद दिसायची, बाकी कापड धुऊन धुऊन फिकं झालेलं. वर्गात कुणी विचारलं की मी सांगायचे, ही माया आहे.