मास्क लावून घेतलेली तोंडी चाचणी ग्राह्य धरायची का?

खडूफळा_सातारा
जुनाच विषय उकरतोय, पण डोक्यातून जात नाहीये. मार्च २०२२ मधे एनसीईआरटीने (केंद्राची शालेय शिक्षणाची संस्था) देशभर तिसरीच्या पोरांची पायाभूत अध्ययन चाचणी घेतली, २० भाषांत, मराठी त्यात होतीच. एकेक मूल समोर बसवून ऐकायला, बोलायला, वाचायला लावायचं, मिनिटाला किती शब्द बरोबर वाचतो ते मोजायचं, आणि त्यावरून त्या त्या भाषेत तिसरीच्या मुलाला किती वाचता यावं ते ठरलं. आता आठवा, आपल्याकडे करोनातली मास्कसक्ती उठली २ एप्रिलला, गुढीपाडव्याला. म्हणजे चाचणीच्या वेळी नियमाने तरी मास्क होताच. शाळेतल्या तोंडी परीक्षाही तशाच झाल्या. माझ्या वर्गातली एक मुलगी 'फणस' वाचतेय आणि मला 'पणस' ऐकू येतंय, आता चूक तिची, कापडाची का माझ्या कानाची? वर मास्क नाकावरून घसरला की दर ओळीला तो वर ओढायचा, आणि इकडे घड्याळ चालूच. माझं म्हणणं एवढंच की हे गुण मुलाचे म्हणून लावू नका.

रोखठोक_मावशी
सर, राग मानू नका पण हे म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं. ती बॅच बघा ना. २०१९ ला पहिलीत बसली, मार्चमधे शाळा बंद, दुसरी सगळी मोबाईलवर (ज्यांच्याकडे होता त्यांची), आणि चौथीपर्यंतचे वर्ग उघडले डिसेंबर २०२१ मधे, की जानेवारीत परत कुलूप. मग त्या मुलांना वाचता येईना तर दोष मास्कचा? उद्या सगळं खापर कापडाच्या तुकड्यावर फोडलं की वर्गात काय शिकवलं ते कोणी विचारायलाच नको.

कानोसा
मी वाचा-उपचाराचं काम करते. दोघंही अर्धं बरोबर बोलताय. मास्क सगळा आवाज सारखा दाबत नाही, वरच्या पट्टीतला जास्त खातो, साधारण २ ते ७ किलोहर्ट्झमधला. साधा सर्जिकल ३-४ डेसिबल, एन-९५ जवळजवळ १२. स, श, थ, फ यांची ओळख पटवणारा बराचसा भाग त्याच पट्टीत असतो, म्हणून 'फणस'चा 'पणस' होणं अजिबात नवल नाही. त्यात प-ब-म ओठावर दिसतात ते पण झाकले गेले. आणि हो, पारदर्शक प्लास्टिकचा मास्क आणा म्हणणाऱ्यांसाठी, त्यात ओठ दिसतात पण आवाज अजून दबतो.

रोखठोक_मावशी
ठीक, पण मायामी विद्यापीठाच्या लोकांनी बालवाडीच्या वर्गात रेकॉर्डर लावून तपासलं होतं, २०२२ मधे छापून आलंय, मास्कच्या आधी आणि नंतर मुलांच्या बोलण्यात फरक सापडला नाही. मग?

कानोसा
बरोबर, पण ते मुलं किती आणि कसं बोलतात याचं मोजमाप. मूल भाषा शिकतं का हा एक प्रश्न, आणि समोरच्या अनोळखी माणसाला त्याचं एका मिनिटात नीट ऐकू येतं का हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला कसं चालेल? वर्गात बाई दोनदा विचारतात, हातवारे करतात, चाचणीत तसं करायची मुभा नसते.

धडगावकर
आमच्याकडे धडगावला (नंदुरबार) या एकदा. पोरं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात, मराठी शाळेत येऊन शिकतात. बाईंच्या तोंडाकडे टक लावून बघत शब्द उचलणारी ही पोरं, तोंडच झाकलं तर बघणार कुठे. घरी मराठी असलेलं पोर अर्धा शब्द ऐकून पुढचं जुळवून घेतं, आमचं गप्प बसतं, आणि गप्प बसलं की कागदावर शून्य. मेळघाटात कोरकू मुलांचं पण वेगळं नसणार. तेव्हा मावशी, मास्कचा फटका सगळ्यांना सारखा नाही.

रोखठोक_मावशी
हे मात्र पटलं. पण मग मास्क काढूनही ते पोर मागेच राहतं, कारण चाचणी त्याच्या भाषेत नाहीच. मूळ दुखणं ते आहे, मास्क गेला म्हणून ते जाणार नाही. आणि पत्र्याच्या खोलीतला पंखा, शेजारच्या वर्गातले पाढे, बाहेरचा ट्रॅक्टर, त्यांचं काय करता?

खडूफळा_सातारा
पंखा बंद करता येतो की! आणि आरोग्य मंत्रालयानेच जानेवारी २०२२ मधे ५ वर्षांखालच्यांना मास्क नको सांगितलं होतं, म्हणजे लहानांचा विचार कुठेतरी झाला होता, मग तिसरीच्या तोंडी चाचणीपुरता का नाही? खिडक्या उघड्या, व्हरांड्यात दोन हात लांब बसवून मास्क खाली घेऊ द्यायचा, काय बिघडलं असतं. पुन्हा साथ आली तर निदान उत्तरपत्रिकेवर 'मूल मास्कमधे, तपासणारा मास्कमधे' एवढी नोंद तरी करा, म्हणजे पुढे आकडे ताडून बघता येतील.

रोखठोक_मावशी
नोंदीला माझी ना नाही. गुण वाढवून द्यायला मात्र आहे.

डबलड्यूटी
रकाना वाढवा म्हणणाऱ्या सरांना कोपरापासून नमस्कार. तो भरायचा पण आम्हीच, आणि ऑनलाइन परत चढवायचा पण आम्हीच ना?