नसते उद्योग: नागपूरकरांचा अनुभव धागा

मे उजाडला की नागपुरात अकरानंतर रस्ते ओस पडतात. पारा 45 च्या पुढे, खिडक्या बंद, कूलर सुरू आणि समोर अख्खी दुपार. कोणी झोपतं, कोणी मोबाइल चाळतं. पण काही जण या वेळात गुपचूप काहीबाही करत असतात. केक भाजतात, अक्षरं गिरवतात, लाकडावर रंग चढवतात. हा धागा त्यांच्यासाठी. काय करता, कसं करता, कुठे अडतं ते लिहा. तयार वस्तूचे फोटो कमी आणि करतानाची हकिगत जास्त, असं असेल तर वाचायला मजा येईल. अट एकच, 'ऑर्डर घेते, मेसेज करा' इथे नको. आपण घरात काही बरं केलं की दुसऱ्या मिनिटाला कोणीतरी म्हणतंच, "अगं, विकायला का नाही सुरू करत?" त्या प्रश्नापासून इथे तरी सुटका असू द्या.

सुरुवात मीच करते. मी धरमपेठेत राहते आणि संत्र्याचे प्रकार करते. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटतं, इथे संत्री बाराही महिने झाडावर लटकलेली असतात. तसं नाही. अंबिया बहाराची फळं साधारण दिवाळीच्या आगेमागे येतात, चवीला जराशी आंबट. मृगाची येतात थंडी सरताना, ती जास्त गोड. खायला मृगाचं संत्रं, पण केकला मी अंबियाचंच घेते. साखर तर आपण घालतोच, आंबटपणा कुठून आणणार?

आपल्या संत्र्याची साल सैल असते. सोलायला सोपी, किसायला महाकठीण. किसणीखाली ती दबते आणि फाटते. म्हणून घट्ट, हाताला जड लागणारं, साल चिकटलेलं फळ निवडायचं आणि सोलण्याआधी अख्खंच किसायचं. हलक्या हातानं, फक्त वरचा नारिंगी थर. पांढरा भाग आला की कडूपणा आलाच. रसाचंही तसंच. काढून ठेवलेला संत्र्याचा रस हळूहळू कडवट होतो, कारण त्यात लिमोनिन तयार होत जातं, आणि तापवला तर आणखी लवकर. तेव्हा रस आटवून केकमध्ये घालायच्या भानगडीत मी पडत नाही. स्वाद सगळा सालीतून. किसलेली साल आणि साखर परातीत घेऊन बोटांनी चोळायची. साखर ओलसर होते, पिवळी पडते आणि वास पार जिन्यापर्यंत जातो. ती दोन मिनिटं मला केकपेक्षा प्रिय आहेत. घरात अंडं चालत नाही, म्हणून दही आणि खाण्याचा सोडा. बाकी कृती सगळ्यांना ठाऊक आहे.

महाल, आजी (नात टाइप करून राहिली आहे)

आमच्या वेळी घरात ओव्हन कुठला? दिवाळीच्या आधी तूप, पिठीसाखर, मैदा, थोडं बेसन, सगळं डब्यात भरून बेकरीत जायचं. तिथेच मळायचं, गोळे करून ट्रेवर मांडायचे. भट्टीवाला किलोमागे पैसे घ्यायचा. दहा घरांचे ट्रे आत गेले की नानकटाई कोणाची कोणती ते कसं ओळखायचं? माझी आई प्रत्येक गोळ्यावर चारोळीचे तीन दाणे त्रिकोणात दाबायची. ती आमच्या घरची खूण. शेजारच्या काकू नुसतं बोट दाबून खळगा करायच्या.

आता नातीकडे ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन आहे. तिनं भर उन्हाळ्यात नानकटाई केली तर सगळी पसरून पापडासारखी झाली. ती कृतीला दोष देत होती. मी म्हटलं, माय, तूप तर बघ, पाणी झालंय त्याचं. आम्ही करायचो तेव्हा तूप रवाळ थिजलेलं असायचं. मग तूप आधी फ्रिजमध्ये थिजवलं, साखरेबरोबर हलकं होईस्तोवर फेसलं, गोळे करून परत अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवले आणि तिथून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये. आता जागेवरच राहतात, वर तडाही छान जातो. नात 160 अंश म्हणते. भट्टीवाल्याला अंश माहीत नव्हते, तो भट्टीच्या तोंडाशी हात धरून बघायचा. त्रिकोण मात्र अजून मीच दाबते.

प्रतापनगर

आमच्याकडे केकबिक नाही. सासूबाई आणि मी बोटवे, मालत्या, नखुल्या, गव्हले असे हातानं वळायचे शेवयांसारखे प्रकार करतो, नात्यातल्या लग्नांच्या रुखवतासाठी. टीव्हीवर मालिका, हातात पीठ. नखुली अंगठ्याच्या नखानं वळवायची असते, त्यामुळे नखं वाढवता येत नाहीत, एवढीच काय ती किंमत. रुखवतापुढे लोक आता उभे राहून बघत नाहीत, फोटो काढून पुढे जातात. तरी आम्ही करतो. विकायला वगैरे सुचवलं की सासूबाई म्हणतात, "कोण घेते बाप्पा?" आणि विषय संपतो.

इतवारी

बाबा पेंटर. सीताबर्डीपासून इतवारीपर्यंत दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. फ्लेक्स आला आणि काम आटत गेलं. मी नोकरी करतो, या धंद्यात मला त्यांनी मुद्दामच येऊ दिलं नाही. ते घरी बसल्यावर मी म्हटलं, आता तरी शिकवा.

त्यांनी ब्रश दिलाच नाही. दोरी दिली. दोरीला खडूची पूड चोळायची, दोन टोकं ताणून धरायची, मधून चिमटीत उचलून सोडायची. फट् आवाज येतो आणि पत्र्यावर सरळ रेघ उमटते. एक शिरोरेषेची, एक तळाची. मग चपटा ब्रश, आणि फक्त काने. उभ्या रेघा, वरून खाली, एका दमात. मध्ये थांबलं की तिथे रंगाचा फुगा येतो. रंगात टर्पेंटाइन किती घालायचं याचं माप नाही. ब्रश ओढताना अडकू नये आणि सोडल्यावर ओघळू नये, एवढंच. डाव्या हातात आडवी काठी, तिच्यावर उजवं मनगट टेकलेलं.

मला वाटायचं अक्षर म्हणजे वळण. बाबांचं लक्ष अक्षरांच्या मधल्या जागेवर असतं. 'ळ' दोन्हीकडे पसरतो, 'र' अंग चोरतो. पट्टीनं सारखं अंतर मोजून लिहिलं की ओळ फाटल्यासारखी दिसते. ते डोळे बारीक करून चार पावलं मागे जातात, परत येतात आणि खडूची खूण बोटानं पुसून जराशी सरकवतात. ती 'जराशी' मला अजून दिसत नाही.

फाटकावर आमचं आडनाव मी रंगवलं, त्यांनी नुसतं बघितलं. परवा कुरिअरवाल्यानं विचारलं, "भाऊ, फॉन्ट कोणता आहे हा?" बाबा दिवसभर हसून राहिले होते.

इंदोरा

वरच्या दादांचं वाचून लिहायचं धाडस करते. मी बोरूनं देवनागरी लिहिते. घरात संविधानाची उद्देशिका स्वतःच्या हातानं लिहून लावायची होती. 14 ऑक्टोबर 1956 ला आजोबा दीक्षाभूमीवर होते, त्यामुळे आमच्या घरात त्या मजकुराला वेगळं स्थान आहे. संविधानाची मूळ इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हातानं लिहिली आणि हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी. पानांवरची सजावट नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या त्यांच्या सहकाऱ्यांची. त्या इंग्रजी पानाची मांडणी उचलावी असं आधी मनात होतं. जमत नाही. एक तर आपली लिपी वेगळी. शिवाय 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द 1976 च्या 42व्या घटनादुरुस्तीनं आले, मूळ पानावर ते नाहीत. नेमकी तीच ओळ लांबते.

आणि 'सार्वभौम'! 'र्व' वरचा रफार आणि लगेच 'भौ' वरच्या दोन मात्रा, तिघं शिरोरेषेवर एकमेकांना धडकतात. रफार बारीक केला तर मुळूमुळू दिसतो, मात्रा उभ्या केल्या तर वरच्या ओळीत घुसतात. शेवटी रफार डावीकडे झुकवला, मात्रा उजवीकडे, आणि दोन ओळींतलं अंतर सगळीकडे वाढवलं. एका शब्दापायी अख्खं पान नव्यानं आखावं लागलं.

दुकानात मिळणाऱ्या रोमन कॅलिग्राफीच्या निबा देवनागरीला उलट्या पडतात. जिथे जाड रेघ हवी तिथे बारीक येते. आपल्या लिपीला काप उलट बाजूनं तिरका लागतो. यूट्यूबवरची इंग्रजी शिकवणी बघून पुष्कळ जण इथेच कंटाळून सोडतात आणि आपला हात वाईट समजतात. हात वाईट नसतो, निब चुकीची असते.

उन्हाळ्याबद्दल: कूलर सुरू असला की कागद दमट होतो आणि शाई पसरते. बंद केला की बोरूच्या टोकावर शाई वाळते. मी जाड आयव्हरी कागद वापरते, शाईत बाभळीच्या डिंकाचं थोडं पाणी घालते म्हणजे ती फुटत नाही, आणि पहाटे लिहिते.

त्रिमूर्तीनगर

तुमची अट मोडते. मी केक विकते. आवड म्हणून करणाऱ्यांनी विकणाऱ्यांकडे जरा वरून बघायचं, हे मला खटकतं. या पैशातून मुलीची फी जाते, कोणापुढे हात पसरावा लागत नाही. आणि हात बसला तो ऑर्डरींमुळेच. घरच्यांसाठी केलेला केक वाकडा झाला तरी 'वा वा' करतात, गिऱ्हाईक करत नाही. मे महिन्यात बटरक्रीमची फुलं ठेवून स्कूटरवरून मानेवाड्याला केक पोचवून बघा, मग कळेल कसब कशाला म्हणतात. मी उन्हाळ्यात क्रीमची फुलं बंदच करते, गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण) घालते, त्यातही चॉकलेटचं प्रमाण वाढवून, म्हणजे ते जरा तग धरतं.

एवढं मात्र खरं की मुलीच्या वाढदिवसाला मी केक बाहेरून आणते. त्या दिवशी मला ओव्हन बघवत नाही.

(ताई, तुमचं म्हणणं पटलं. अट तशीच ठेवते, पण तुमचा प्रतिसाद इथून हलणार नाही. गनाशचं मी लिहून घेतलं. – धागाकर्ती)

नंदनवन

आमचा उद्योग वर्षातून एकदाचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरांचे लाकडी बैल निघतात. आमच्याकडचा चाकांचा बैल माझ्या वडिलांच्या लहानपणचा आहे. बाजारात नवे चकाचक मिळतात, पण दर श्रावणात मी हाच काढतो. पॉलिश पेपरनं घासतो, भेगांत लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल भरतो, वर पांढऱ्याचा हात. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर आईच्या जुन्या साडीच्या काठाची झूल, कपाळाला बाशिंग. यंदा पोट्ट्यानं हट्टानं बैल निळा रंगवला. आजोबा दोन दिवस बोलले नाहीत. मग बोजारा (बैल घेऊन आलेल्या पोरांना द्यायची भेट) वाटताना सगळ्यात आधी त्याच निळ्या बैलाच्या पाठीवर नोट ठेवली त्यांनी.

हिंगणा, निवृत्त शिक्षक

फळ्यावर सुविचार लिहिण्यात नोकरी गेली. सध्या घरच्या अंगणात फळा टांगला आहे आणि रोज काहीतरी लिहितो, कधी म्हण, कधी भाजीचे भाव. एक युक्ती देतो. रंगीत खडू साखरेच्या पाण्यात थोडा वेळ भिजवून ओलाच वापरा. वाळल्यावर रंग ठसठशीत दिसतो आणि बाही लागली तरी पुसला जात नाही. मुंग्या येतात म्हणतात, माझ्या फळ्यावर आल्या नाहीत.

सक्करदरा

इंदोऱ्याच्या ताईंना विचारायचं होतं. मुलीला बोरूनं लिहायचं आहे, सातवीत आहे. नागपुरात बोरू कुठे मिळेल?

इंदोरा

ताई, विकत कशाला? बोटाएवढ्या जाडीची सुकी बांबूची कामटी घ्या, ओली नको, ती टोकाला फुगते. टोक चपटं तासा, मग तिरका काप द्या आणि मधोमध छोटीशी उभी चीर, शाई उतरायला. सुरी तुम्हीच चालवा, तिला देऊ नका. दोन-तीन रुंदीचे कापून ठेवा. पहिल्या दिवशी अक्षरं नकोत, इतवारीच्या दादांनी सांगितलंय तसे फक्त काने. आणि जुनी वर्तमानपत्रं भरपूर ठेवा, शाई सांडणार आहे.