ट्रेलर ओढताना चढावर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापतो, आधी काय तपासावं?

चाकोरी:
सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) असलेली ऑटोमॅटिक, मागे १२०० किलोचा ट्रेलर. सपाटीला गिअर ऑईल ९० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. लांब चढ लागला की ११८-१२० पर्यंत जातं आणि गिअर चौथा-पाचवा, चौथा-पाचवा करत राहतो. इंजिनच्या तापमानाचा काटा मात्र जागचा हलत नाही. थेट जादा कूलर बसवावा का?

उभाचढ:
कूलर नंतर. आधी गिअरची ही उलटापालट थांबवा, कारण उष्णता तिथेच तयार होतेय. कन्व्हर्टरचे दोन भाग एकत्र जोडणारा लॉक-अप क्लच सुटलेला असतो तेव्हा ते वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि त्या फरकाची ताकद ऑईल घुसळण्यात जाते. प्रत्येक गिअर बदलाला लॉक सुटण्याची शक्यता असते.

टो मोड (ट्रेलर ओढण्यासाठीची सेटिंग) असेल तर तो लावा. नसेल तर चढ सुरू व्हायच्या आधीच मॅन्युअल मोडवर, म्हणजे गिअर स्वतः निवडून, चौथा धरा. लॉक लागलाय का ते असं ओळखा: वेग स्थिर असताना ॲक्सिलरेटर किंचित दाबायचा. आरपीएम लगेच उसळला आणि गाडीचा वेग तेवढाच राहिला, तर लॉक सुटलेला आहे. तिसरा घ्या, वेग कमी ठेवा. आरपीएम वाढलं म्हणून घाबरू नका, त्यामुळे गिअरबॉक्सचा पंप ऑईलही जास्त फिरवतो. चढावर थांबलात तर ब्रेकवर थांबा. ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की ऑईल फार झपाट्याने तापतं.

ऑईलकॅन:
वरचं सगळं बरोबर, पण ऑईलही बघाच. पातळी कंपनीने सांगितलेल्या तापमानालाच मोजायची. कमी असेल तर पंप हवा ओढतो, जास्त असेल तर फिरते भाग ऑईलचा फेस करतात. दोन्हींत ऑईलचा दाब कमी होतो आणि गिअरबॉक्समधले क्लच घसरतात. रंग तपकिरी आणि वास जळका असेल तर बदला. साधारण हिशेब असा की तापमान दर १० अंशांनी वाढलं की ऑईलचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून नेहमी ट्रेलर ओढणाऱ्याने गाडीच्या माहितीपुस्तिकेतला ‘कठीण वापर’ हा तक्ता पाळावा. ऑईल त्याच स्पेसिफिकेशनचं हवं, ‘सगळ्या गाड्यांना चालणारं’ नको.

एवढं करूनही ११० च्या वर राहिलं तर स्टॅक्ड प्लेट (एकावर एक पट्ट्या रचलेला) कूलर बसवा. रेडिएटरमधला मूळ कूलर काढू नका; ऑईल आधी त्यातून, मग नव्या कूलरमधून आणि तिथून गिअरबॉक्सकडे परत. थंड हवेत ऑईल गरजेपेक्षा गार राहू नये म्हणून थर्मोस्टॅट असलेला बायपास (ऑईल गार असताना कूलर टाळणारा मार्ग) घ्या. पाइप ऑईलच्याच दर्जाचा हवा. इंधनाचा साधा पाइप गरम ऑईलला टिकत नाही.

चाकोरी:
आकडा ओबीडी स्कॅनरवरचा (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती दाखवणारं यंत्र) आहे. चढाच्या मधेच १२५ दिसला तर?

उभाचढ:
बहुतेक गाड्यांत तो सेन्सर ऑईल पॅनमध्ये किंवा व्हॉल्व्ह बॉडीवर (गिअरबॉक्समध्ये ऑईलचा दाब हवा तिकडे वळवणारा भाग) असतो. कन्व्हर्टरमधून बाहेर पडणारं ऑईल त्याहून बरंच गरम असतं, तेव्हा १२५ ला वाट बघू नका. सुरक्षित जागी थांबा, हँडब्रेक ओढा, चाकांना अडण लावा, न्यूट्रल करा. इंजिन बंद करायचं नाही, कारण पंप इंजिनवरच चालतो. १०००-१२०० आरपीएमवर ठेवा. एसी बंद करा. एसी चालू असला की त्याच्या कंडेन्सरची (उष्णता बाहेर टाकणारी जाळी) गरम हवा कूलरवर येते. १०० च्या खाली आलं की निघा, आणि सुरुवातीपासूनच खालचा गिअर धरा.