टोकापासून मोजलेली लांबी आणि अर्ध्या थाऊचा हट्ट

बोल्टकडी (धागाकर्ता)

परवा ‘अर्धाथाऊ’ यांनी रायफलची काडतुसं स्वतः भरणाऱ्या नवशिक्यांना सल्ला दिला: “६.५ क्रीडमूरचं काडतूस, १४० ग्रेनची बुलेट, बूड ते टोक २.८०० इंच, म्हणजे लँड्सपासून (बॅरलच्या आतल्या रायफलिंगच्या मळसूत्री कडांपासून) २० थाऊ (इंचाचे हजारावे भाग) मागे. अर्ध्या थाऊच्या बाहेरचं काडतूस बाजूला काढा. सगळ्यांनी हाच आकडा धरा.” त्यावर अंगठ्यांचा पाऊस. म्हणून वेगळा धागा.

टोक कुठे आहे याच्याशी रायफलिंगला काय देणंघेणं? लँड्सना भिडतो तो ओजाइव्ह, बुलेटचा निमुळता होणारा भाग. ओपन टिप मॅच (उघड्या टोकाच्या, नेमबाजीच्या) बुलेटचं तोंड ओबडधोबडच असतं. एका डब्यातल्या दहा बुलेट मोजा, लांबीत ५ ते १० थाऊंचा फरक सहज निघतो. सीटिंग स्टेम (डायमधला, म्हणजे साच्यातला, बुलेट आत दाबणारा दांडा) टोकावर टेकत नाही, ओजाइव्हवर टेकतो. म्हणजे डायने सगळ्या बुलेट नीट बसवल्या, फरक फक्त टोकांचा, आणि तुम्ही चांगली काडतुसं बाजूला काढताय. त्याहून वाईट म्हणजे लांब टोकाचं काडतूस पुन्हा दाबून २.८०० ला आणणं. त्या एकाची उडी (लँड्सपर्यंतचं अंतर) तुम्ही स्वतः वाढवलीत.

टोकापर्यंतची लांबी एकाच कामाची: मॅगझिनमध्ये मावतं का. सामीची (अमेरिकी काडतूस-मानक संस्थेची) कमाल क्रीडमूरला २.८२५, एआयसीएस जातीच्या मॅगझिनात २.८६च्या आसपास जागा. बाकी सगळं कंपॅरेटर (बूड ते ओजाइव्ह मोजायचं व्हर्निअरवरचं साधन) लावून.

आणि ‘हाच आकडा धरा’? तुमचा थ्रोट (लँड्सच्या अलीकडचा बॅरलचा भाग), तुमचा रीमर (चेंबर कोरणारं हत्यार), तुमची बुलेट. दुसऱ्याच्या बॅरलमध्ये तेच २.८०० लँड्सपासून ६० मागे असेल किंवा थेट लँड्समध्ये घुसलेलं असेल. पावडरीचं माप कमालीजवळ असताना असं घुसलेलं काडतूस उडालं की दाब कुठवर चढेल ते सांगायला नको.

अर्धाथाऊ

भाषण आवडलं. मी पॉलिमर टिपच्या बुलेटबद्दल लिहिलं होतं, तिथे टोकं बऱ्यापैकी सारखी असतात. हे वाचायचं सोयीस्करपणे राहिलं.

आणि तुमचा कंपॅरेटर म्हणजे काय देववाणी? इन्सर्टच्या (कंपॅरेटरमध्ये बसणाऱ्या तुकड्याच्या) भोकाचा व्यास आणि तुमच्या लँड्सचा व्यास एक नसतो. ६.५ मध्ये ग्रूव्ह (लँड्समधल्या खाचा) .२६४, लँड्स .२५६, आणि इन्सर्ट त्याच्या मर्जीने कुठेतरी टेकतो. दोन कंपन्यांचे इन्सर्ट एकाच काडतुसावर लावा, आकडे दोन येतील. तरीही सगळे छाती फुगवून ‘माझा सीबीटीओ (बूड ते ओजाइव्ह लांबी) अमुक’ लिहितात.

बोल्टकडी

तेच तर म्हणतोय. सीबीटीओचा आकडा दुसऱ्याला द्यायचा नसतोच. एकच इन्सर्ट, एकच व्हर्निअर, एकच बॅरल, आणि त्यात आपल्यापुरती तुलना. आकडे वाटायची खोड तुमची.

केसहेड

दोघेही मूळ प्रश्नाला बगल देताय. २० थाऊ मागे, पण कशापासून? लँड्स कुठे आहेत ते शोधताना लोक सर्रास चुकतात.

लँड्स शोधायच्या गेजबरोबरची मॉडिफाइड केस (गेजच्या रॉडवर बसणारं, आटे पाडलेलं काडतुसाचं पितळी कवच) घ्या. ती तुमच्या चेंबरमध्ये उडालेली नसते, तिचा शोल्डर (कवचाचा उतरता खांदा) आखूड असतो. पुढे दाबली की ती शोल्डरवर अडते, बूड बोल्टफेसपासून (बोल्टच्या पुढच्या पृष्ठापासून) सुटं राहतं, आणि मोजमाप तेवढंच आखूड येतं. बूड ते शोल्डर डेटम (शोल्डरवरची ठरावीक मोजायची जागा) मोजा. उडालेल्या केसपेक्षा मॉडिफाइड ५ थाऊ आखूड असेल तर आकड्यात ५ मिळवा. नाहीतर उडालेलीच केस ५/१६-३६ च्या टॅपने आटे पाडून वापरा.

रॉड हलक्या बोटाने ढकला. जोर लावला की बुलेट लँड्समध्ये रुतते आणि ४-५ थाऊ फुकटचे वाढतात. बुलेट प्रत्येक वेळी तीच ठेवा. पाच वाचनं घ्या, वेगळं पडलेलं टाका.

लीडवाला

५ मिळवा हे अर्धवट आहे. प्लंजर इजेक्टर (बोल्टमधली, केस बाहेर फेकणारी स्प्रिंगची खुंटी) असेल तर तो काडतूस पुढे ढकलूनच ठेवतो, वर फायरिंग पिनचा धक्का. म्हणजे गोळी सुटताना केस शोल्डरवरच टेकलेली. तेव्हा तुलना उडालेल्या केसशी नाही, साइझ केलेल्या (डायने पुन्हा मापात दाबलेल्या) केसशी करा. शोल्डर २ थाऊ मागे ढकलत असाल तर ५ नाही, ३ मिळवा.

मुळात गेज हवाच कशाला? बोल्टमधून फायरिंग पिन आणि इजेक्टर काढा. रिकाम्या केसचं, प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) आणि पावडर नसलेलं डमी घ्या. केस नुसती घातल्यावर हँडल आपसूक खाली पडलं पाहिजे, ही पहिली खात्री. मग बुलेट मुद्दाम लांब बसवा आणि दोन-दोन थाऊ आत घेत जा. बोल्ट उचलताना बारीक ‘टक्’ येतं, ते बुलेट लँड्समधून सुटल्याचं. ते थांबलं आणि हँडल स्वतःच्या वजनाने पडलं, की तो तुमचा शून्य. नेक टेन्शन (केसच्या गळ्याची बुलेटवरची पकड) मात्र पुरेसं हवं, नाहीतर लँड्सच बुलेट मागे ढकलतात आणि तुम्ही खुश.

केसहेड

ठीक, २ थाऊंचं श्रेय घ्या. पण ज्याला बोल्ट उघडता येत नाही त्याला हे सांगून उपयोग काय?

लीडवाला

ज्याला बोल्ट उघडता येत नाही त्याने अर्ध्या थाऊवर काडतुसं निवडू नयेत.

पितळशेठ

अर्ध्या थाऊचं सोडा. सीबीटीओ ३-४ थाऊ पसरतो तो स्टीलच्या पिनांमुळे! ओल्या टंबलरमध्ये (पाणी आणि पिना घालून फिरवायच्या पिंपात) केस आरशासारख्या चमकवतात, नेकच्या आतला कार्बनचा थर जातो, आणि कोरड्या पितळेवर कोरडी बुलेट करकरत बसते. आर्बर प्रेसवर (बुलेट बसवायच्या हातयंत्रावर) जोर मोजणारा फोर्स गेज लावा, काटा नाचताना दिसेल. जास्त जोर लागला की स्टेम ओजाइव्हवर कडं उमटवतो आणि खोली चुकते. पिनांनी केसचं तोंडही ठेचतं, ते वेगळंच.

अर्धाथाऊ

पिना काढायच्या आणि प्रायमर पॉकेटमधली (केसच्या बुडातल्या प्रायमरच्या खळग्यातली) काजळी कोण काढणार? कोरड्या मक्याच्या भुशाने ती निघत नाही.

पितळशेठ

पॉकेटची काजळी किती फरक पाडते ते दाखवा, मग बोलू. नेक कोरडा राहिला तर काय होतं ते काटा दाखवतोच. पिना सोडवत नसतील तर नंतर तासभर तांदळात फिरवा, किंवा बुलेट बसवण्याआधी नेकमध्ये ग्रॅफाइट लावा. मॅन्ड्रेल (नेक आतून मापात आणणारा दांडा) शेवटी, चॅम्फर (तोंडाची कड तासणं) हलका. आणि प्रत्येक केसमधून उजेड पाहा. लहान कॅलिबरच्या नेकमध्ये दोन पिना अडकून राहतात.

कोथरूडचा_रिमफायर

तांदूळ कुठला, आंबेमोहोर?

पितळशेठ

कुठलाही, पण स्वयंपाकघरातल्या डब्यात परत टाकू नका. प्रायमरच्या शिशाची धूळ त्यात उतरते. वापरून झाला की फेकायचा.

कोथरूडचा_रिमफायर

इथे शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५. परवान्याशिवाय काडतूस बनवायचं नावही काढता येत नाही. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेने ब्राँझ आणलं ते कारखान्याच्या .२२ वर. लॉट टेस्ट करा, जुळलेला लॉट साठवा, संपलं. तुमचं थाऊपुराण चालू द्या.

लीडवाला

रिमफायर (तुमचं .२२ सारखं काडतूस) भरता येत नाही म्हणून तुम्ही सुखी, यात कौतुक कसलं?

बोल्टकडी

पिनांवर वेगळा धागा काढा. अर्धाथाऊ, २० थाऊच का, हे अजून सांगितलं नाहीत.

अर्धाथाऊ

कारण तिथे ग्रुप (भोकांचा घोळका) लहान येतो. तीन गोळ्या, एक भोक.

केसहेड

तीन गोळ्यांचा ग्रुप! तशीच तीन काडतुसं पुन्हा मारा, दुप्पट आला तरी नवल नाही. बर्जर या बुलेट कंपनीची जुनी पद्धत बघा: १० थाऊ लँड्सच्या आत, मग ४०, ८०, १२० मागे, प्रत्येकी सहा, एकूण २४. मोठ्या पावलांनी रुंद पट्टा शोधायचा. ३-३ थाऊ सरकून जे ‘नोड’ (ग्रुप लहान येणाऱ्या जागा) सापडतात त्यातले बहुतेक योगायोग. शिवाय क्रीडमूरचा थ्रोट झिजत पुढे सरकतो. अरुंद जागी बसाल तर दर काहीशे गोळ्यांनी लँड्सचा पाठलाग. रुंद पट्ट्यात बसाल तर २० चे ३० झाले तरी फरक पडत नाही.

अर्धाथाऊ

म्हणजे मोजूच नका?

केसहेड

मोजा, पण योग्य ते. सीबीटीओ पसरतोय तर नुसती बुलेट बूड ते ओजाइव्ह मोजून वर्गवारी करणारेही चुकतात. त्याने केसमध्ये किती शेपूट उतरलं ते बदलतं, उडी नाही. उडी बदलते स्टेम टेकतो ती जागा आणि इन्सर्ट टेकतो ती जागा यांच्यातल्या अंतराने. बुलेट सेकंट (लांब, निमुळत्या ओजाइव्हची) असेल तर आधी स्टेम तपासा. टोक स्टेमच्या तळाला टेकत असेल तर व्हीएलडी स्टेम (अशा लांब टोकाच्या बुलेटसाठीचा) घ्या.

बोल्टकडी

आणि शिकारीला जाणाऱ्यांनी जॅमच्या (बुलेट लँड्समध्ये रुतवून भरण्याच्या) वाटेला जाऊ नका. न उडवता बोल्ट उघडला की बुलेट लँड्समध्ये राहते, केस एकटी बाहेर येते आणि पावडर सगळी ॲक्शनमध्ये.

अर्धाथाऊ

बरं, नवशिक्यांसाठीच्या पोस्टमध्ये ‘२.८०० सगळ्यांसाठी’ काढून ‘आपापला शून्य शोधा, पावडर खालून वर चढवा’ घालतो. बोल्टकडी साहेबांचा जीव थंड होईल.

पिना सोडणार नाही.

पितळशेठ

मग ग्रॅफाइट तरी लावा.