मदत हवी आहे: मोल्सवर्थ हे आडनाव मूळचं कुठलं?

नमस्कार मंडळी,

आजोबांचा मोल्सवर्थ, म्हणजे मराठी-इंग्रजी शब्दकोश, सध्या माझ्याकडे आहे. पाठीला खादीची पट्टी चिकटवलेली, कोपरे बोटं लागून मऊ पडलेले. शब्द अडला की आजोबा 'मोल्सवर्थ काढ' म्हणायचे. आमच्या घरी ते पुस्तकाचंच नाव होतं. जॉर्ज आणि थॉमस कँडी यांच्या मदतीने १८३१ ला पहिली आवृत्ती, मग १८५७ ला वाढवलेली दुसरी. ज्याने मराठीसाठी एवढं केलं, त्याच्या घराण्याचा माग काढावा असं फार दिवस मनात आहे.

आडनाव गावावरून आलंय. मोल्सवर्थ हे इंग्लंडमधल्या पूर्वीच्या हंटिंग्डनशायर परगण्यातलं खेडं. जुन्या इंग्रजीत 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली वस्ती आणि 'मूल' हे माणसाचं नाव, म्हणजे झाली मूलची वाडी. केंटमध्ये मूल नावाचा एक राजाही होता, ६८७ साली त्याला जाळून मारलं. गावाचा मूल वेगळा, पण नाव चालतं होतं.

आपल्याकडे गाव सोडलेल्यालाच लोक 'अमुककर' म्हणतात, गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कोण लावणार? तिथेही तेच झालं असणार. म्हणून खेड्यापेक्षा आसपासचे परगणे आधी बघावेत असं मला वाटतं.

पुढे एक शाखा कॉर्नवॉलमध्ये पेनकॅरोला गेली, तिला १६८९ ला बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. दुसरी आयर्लंडला, रॉबर्ट मोल्सवर्थ १७१६ ला व्हायकाउंट (बॅरोनेटच्या वरचा सरदार) झाला, डब्लिनमध्ये मोल्सवर्थ स्ट्रीट अजून आहे. न्यूझीलंडमधलं सुमारे १,८०,००० हेक्टरांचं मोल्सवर्थ स्टेशन (म्हणजे गुरं पाळायचं भलंमोठं रान) मात्र पेनकॅरोच्या सर विल्यमच्या नावाचं. नकाशावर नाव दिसलं म्हणजे तिथे त्या आडनावाची वस्ती होती असं धरू नये.

आता अडलंय ते दोन ठिकाणी. चेशायरमध्ये मोल्ड्सवर्थ नावाचं वेगळंच गाव आहे. उत्तरेकडच्या नोंदींतले मोल्सवर्थ तिथले की हंटिंग्डनशायरचे, हे कसं ओळखायचं? आणि आपले कोशकार जेम्स थॉमस (जन्म १७९५) यांचे आईवडील कुठे शोधावेत? कुणी इंग्लंडमधल्या नोंदी चाळल्या असतील तर कृपया सांगा.

प्रतिसाद:

पहिल्या प्रश्नासाठी १८८१ ची जनगणना आडनावाने शोधा. प्रत्येकाचं जन्मगाव तिथे लिहिलेलं असतं, त्यामुळे लोक कुठे राहत होते एवढंच नाही, कुठून आले तेही कळतं. तिथून पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्यांत मागे जा. त्या १५३८ पासून सुरू होतात, सगळीकडच्या टिकल्या नाहीत. मधलं 'ड' अक्षर पिढ्यान्‌पिढ्या टिकलंय का, ते बघा. एकाच वहीत दोन्ही स्पेलिंगं सापडली तर मात्र फक्त अक्षरावर विसंबू नका. आणि हंटिंग्डनशायर १९७४ पासून केंब्रिजशायरमध्ये आहे, शोधताना दोन्ही नावं टाका.

कोशकारांचं जरा सोपं आहे. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात होते ना? भरती होणाऱ्या कॅडेटचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. वयाचा पुरावा म्हणून त्यांना बाप्तिस्म्याचा दाखला जोडत. त्यावर पॅरिश आणि आईवडिलांची नावं असतात.

धागाकर्ती:

मनापासून आभार! मी कोशाची प्रस्तावनाच पुन्हा पुन्हा वाचत बसले होते, लष्कराच्या कागदांकडे वळलेच नव्हते. लायब्ररीला आजच लिहिते. दाखला मिळाला तर पॅरिशचं नाव इथेच टाकेन.